कंटाळ्याची स्लाइड

सरांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह असायचा. आमच्या गावात तोवर पेनड्राइव्ह कुणी गळ्यात घातलेला बघितला नव्हता. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात पारावरच्या एका म्हातारीनं त्यांना थांबवून विचारलं, "मास्तर, ताईत कुठल्या दर्ग्याचा हाय? गुण येतो का?"

सर म्हणाले, "येतो मावशी. पण लाईट असल्यावर."

म्हातारीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी ती खोकणाऱ्या नातवाला घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी. सरांनीही तिला परत पाठवलं नाही. पोराच्या कपाळाला पेनड्राइव्ह टेकवला, आणि मग हळूच सांगितलं, "आता ह्याला सरकारी दवाखान्यात न्या, म्हणजे लवकर लागू पडंल."

असे आमचे सर. मी हे कच्छमधून लिहितोय, एका बंदराजवळच्या गोदामांच्या वस्तीतून. इथली जमीन खारी, वारा खारा, आणि मराठी बोलायला माझ्यासकट दोनच माणसं. दहावीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळं लिहायचं म्हटलं की मला अजून कुणीतरी मागून वाकून बघतंय असं वाटतं. मी मूळचाच भित्रा. खोलीला कुलूप लावून निघालो तरी कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघतो. पण सरांबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि त्यांच्या वर्गातले जे पुढं शिकून मोठे झाले त्यांना वेळ नसतो.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईटपासून थोडं आत. सर मूळचे ढोकीचे, साखर कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेले. आमच्या शाळेत ते तासावर कॉम्प्युटर शिकवायला आले होते. कॉम्प्युटर बरेच होते, पण सगळे रुमाल पांघरून झोपलेले. चालणारा एकच. प्रोजेक्टर मात्र होता, आणि त्याला सर जिवापाड जपायचे. जुन्या गोधडीत गुंडाळून, स्कूटरवर दोन मांड्यांच्या मधी बसवून ते त्याला घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. खड्डा आला की स्कूटरवरून उतरून चालायचे. त्यांच्या बायको एकदा शाळेत आल्या तेव्हा आमच्या बाईंना म्हणाल्या, "मला लग्नाच्या वरातीत सुद्धा असं धरून आणलं न्हाय हो."

सर सगळ्या पोरांना 'साहेब' म्हणायचे आणि पोरींना 'मॅडम'. तेही अहो-जाहो करून. "ओ साहेब, नाक पुसा. ओ मॅडम, मागची वेणी सोडा तिची." हेडमास्तरांनी विचारलं, हे काय म्हणून, तर म्हणाले, "उद्या हे कुठंतरी साहेब होणार. तेव्हा मला जड जायला नको, म्हणून आत्तापासून सवय करतोय."

आणि त्यांना कुठलीही गोष्ट चार ओळींतच ऐकायची असायची, कारण त्यांच्या मते एका स्लाइडवर चारच ओळी शोभतात. एकदा बाजारात एका बाईनं तिच्या म्हशीचं दुखणं सांगायला सुरुवात केली. सरांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "काकू, पहिली ओळ म्हैस, दुसरी ओळ पोट, तिसरी डॉक्टर. चौथी काय ती सांगा." काकू गोंधळून म्हणाली, "चौथी... मेली." सरांना इतकं वाईट वाटलं की ते तिथंच खाली बसले आणि मग तिचं सगळं पहिल्यापासून ऐकलं.

आमच्या नववीला त्यांनी एकच मोठं काम दिलं होतं. आपल्याला आवडणाऱ्या कामाधंद्यावर प्रत्येकानं स्लाइडचं प्रेझेंटेशन करायचं आणि दिवाळीनंतरच्या पालकसभेत गावापुढं दाखवायचं.

अडचण लाईटची होती. ती शाळा भरली की जायची आणि शाळा सुटली की यायची, जणू तिचीच शाळा उलटी होती. सरांनी त्यावर तोडगा काढला. लग्नसराई संपली की घरोघर पत्रिकांचे गठ्ठे पडून असतात. सर पिशवी घेऊन गावभर फिरले आणि सगळ्या पत्रिका गोळा करून आणल्या. "पुढच्या बाजूला नवरा-नवरी, मागची बाजू कोरी," ते म्हणाले. "एक पत्रिका म्हणजे एक स्लाइड. लाईट आली की हेच कॉम्प्युटरवर उतरवायचं, न्हाय आली तर हातात धरायचं."

हातात धरायचं म्हणजे नुसतं धरायचं नाही. कॉम्प्युटरवर स्लाइड जशी डावीकडून उडत येते तशी पोरानं पत्रिका छातीशी धरून डावीकडून पळत यायचं. दुसरा प्रकार हळूहळू उमटायचा. त्यात गुडघ्यापासून पत्रिका सावकाश वर आणायची आणि चेहराही सावकाश हसरा करायचा. तिसरा गरगर फिरत येण्याचा होता. तो सरांनी आमच्यातल्या सगळ्यात जाड्या पोराला दिला. तो फिरत फिरत फळ्यावर जाऊन आपटला आणि फळा खाली आला. सर म्हणाले, "साहेब, परिणाम लई जोरदार झाला. पण आता जरा साधंच या."

विषय निवडायच्या दिवशी अर्धा वर्ग कलेक्टर व्हायला निघाला होता. उरलेल्यात पोलीस आणि डॉक्टर. सरांनी सगळ्यांची नावं ऐकली, पेनड्राइव्ह बोटाभोवती फिरवला, आणि म्हणाले, "जिल्ह्याला कलेक्टरची खुर्ची एक. तुम्ही सगळे तिच्यावर बसायचं म्हणलं तर एकमेकांच्या मांडीवर बसावं लागंल. चालंल का?"

मग त्यांनी त्यांचा नियम सांगितला, ज्यामुळं ते गावभर प्रसिद्ध झाले. ज्या कामावर स्लाइड करायची, ते काम करणाऱ्या जिवंत माणसाला जाऊन भेटायचं. आणि शेवटच्या स्लाइडवर लिहायचं, ह्या कामात कंटाळा कधी येतो.

"सर, कंटाळा कशाला?" एका पोरीनं विचारलं.

"त्याचं असं हाय मॅडम, माणूस आपल्या कामाची फुशारकी कुणाला बी सांगतो. कंटाळा फक्त जवळच्याला सांगतो. तेव्हा आधी जवळचं व्हा, मग स्लाइड करा."

पोलीसवाली पोरं भूमला चौकीत गेली. तिथल्या हवालदारांनी आधी दरडावलं. मग कंटाळ्याचं विचारल्यावर त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि जत्रेच्या बंदोबस्तात उभं राहण्याबद्दल इतकं सांगितलं, इतकं सांगितलं की पोरांची शेवटची एसटी गेली. शेवटी हवालदारांनीच त्यांना गाडीतून गावात आणून सोडलं. पोलीसगाडीतून पोरं उतरली तेव्हा त्यांच्या आयांनी जो आरडाओरडा केला, त्यामुळं दोघांनी विषय बदलला. कलेक्टर व्हायचं म्हणणारी एक पोरगी बापाबरोबर धाराशिवला गेली. कलेक्टर काही भेटले नाहीत, दाराबाहेर बसणारे शिपाईकाका भेटले. ते म्हणाले, "साहेबांना कंटाळा येतो का ते म्हाईत न्हाय बाई. त्यांच्या दारात बसून आमाला येतो." तिनं शिपाईकाकांवरच प्रेझेंटेशन केलं.

माझी पाळी आली तेव्हा मी 'पायलट' म्हणालो.

"आपल्या गावात विमान कुठं उतरतं साहेब?"

"उतरत न्हाय सर."

"मग विचारणार कुणाला?"

सर माझ्या बाकाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "खरं काय ठरलंय घरी?"

घरी ठरलं होतं. माझे वडील, म्हणजे अण्णा, खव्याच्या भट्टीवर कामाला. धाकटा काका कच्छमध्ये गोदामात. काका दर दिवाळीला यायचा तो काळा गॉगल आणि पांढरे बूट घालून. आमच्या काळ्या रानात त्या बुटांचा रंग दुपारपर्यंतच टिकायचा. "आपल्या हाताखाली पन्नास माणसं," तो पारावर बसून सांगायचा. "म्या नुसतं बोट दाखवायचं." अण्णांना धाकट्या भावाचा फार अभिमान. नववी झाली की मला काकाबरोबर धाडायचं, असं दोघांनी मिळून पक्कं केलं होतं. सुपरवायझर काकाच्या हाताखाली पोरगं लागलं तर वाईट काय? आईला वाटत होतं वाईट, पण ते ती भांडी घासताना भांड्यांनाच सांगायची. आणि मला तर तुळजापूरच्या पलीकडं जग आहे याचीच भीती वाटायची. तिकडं कुणी भाकरी देईल का, रस्ता चुकलो तर कुठल्या भाषेत विचारायचं, असलं काहीबाही डोक्यात यायचं.

हे सगळं मी सरांना चार ओळींत सांगितलं.

"मग त्याच्यावरच करा," सर म्हणाले.

"पण सर, विषय आवडतं काम असा हाय."

"जिथं जायचं ठरलंय, ते आवडतंय का न्हाय ते आधी बघा की साहेब. न बघता भिताय म्हणजे फुकट भिताय. बघून भ्या."

त्यांनी स्वतःच्या फोनवरून काकाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. मी गोदामात काय काय येतं, कुठून येतं ते विचारत गेलो, काका झोकात सांगत गेला. मग मी कंटाळ्याचं विचारलं.

"कंटाळा?" काका हसला. "सुपरवायझरला कसला आलाय कंटाळा! खुर्चीत बसून..."

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हिंदीत ओरडलं, "अरे ओ, गाड़ी लग गई! बोरी क्या तेरा बाप उतारेगा?"

"ठेवतो," काका घाईनं म्हणाला. "माझी माणसं आलीत."

सरांनी फोन खिशात ठेवला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी छताच्या पंख्याकडं बघितलं. पंखा बंदच होता. मग ते म्हणाले, "ही स्लाइड कोरी ठेवा. दुसऱ्याच्या इज्जतीचा मामला हाय, आपल्या हातानं लिहायचा न्हाय."

"पण सर, अण्णा मला पोती उचलायला पाठवतील."

"ते बी खरं," सर म्हणाले आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर काळजी दिसली. "ते बी खरंच की."

पालकसभेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात सरांनी दोन खांबांना पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर गोधडीतून काढून टेबलावर ठेवला, पेनड्राइव्ह डोळ्यांना लावला, आणि लाईट गेली. हेडमास्तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात घेऊ. सर म्हणाले, "पत्रिका छापून तयार हायत सर, आता कार्य लांबवता येत न्हाय." आणि चादरीपुढं पोरांची रांग लागली.

पहिली पोरगी डावीकडून पळत आली, पण घाईत पत्रिका उलटी धरली. गावाला दिसले कुणाचे तरी वधू-वर. पुढं बसलेल्या एका आजोबांनी चष्मा वर करून वाचलं आणि ओरडून विचारलं, "कुणाचं गं पोरी? जेवण कुठं ठेवलंय?" दुसऱ्यानं सांगितलं, "आवो, हे मागल्या साली झालं. लेकरू बी झालं त्यांना." आजोबांना आपण त्या जेवणाला गेलो नव्हतो हे आठवलं आणि ते बराच वेळ नाराज बसले.

माझा नंबर आला. अण्णा पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी काका, गॉगल लावून. आई बायकांत. मी गोदामाची स्लाइड दाखवली, मालाची दाखवली, बंदराची दाखवली. हातातल्या पत्रिका थरथरत होत्या, त्यामुळं जहाज खरंच पाण्यावर असल्यासारखं हलत होतं, असं नंतर आई म्हणाली. अण्णा मान डोलावत होते. काकाच्या मिशीला पीळ बसत होता.

"पुढची," सर म्हणाले.

मी कोरी पत्रिका वर धरली. गाव हसलं.

"काय रं, लिहिलं न्हाईस का?" अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "सगळ्या पोरांनी लिहिलंय."

बोललो तर काकाची इज्जत जाणार, नाही बोललो तर मी जाणार. तेवढ्यात सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "ही स्लाइड आज पालकांनी भरायची," ते म्हणाले. "आपल्या कामात कंटाळा कधी येतो ते सांगायचं. पहिला मी सांगतो. दरवर्षी नवी पोरं येतात, आणि दरवर्षी मला त्यांना डबल क्लिक शिकवावं लागतं. पोरगं एक टक आज करतं, दुसरं टक उद्या करतं. मी मधी उभा राहून म्हातारा होतो."

पालक हसले. मग हेडमास्तरांना राहवलं नाही. म्हणाले, "मला रजेच्या अर्जांचा. एकेका शिक्षकाची आजी दरवर्षी वारते, आणि मी दरवर्षी तितकंच दुःख दाखवतो." अंगणवाडीच्या ताई उठल्या. "मी गाणं म्हणून पोरं झोपवते. ती झोपली तरी गाणं अर्धं सोडवत न्हाय म्हणून एकटीच म्हणत बसते."

आता लोकांना चव लागली. माझी आई बायकांतून म्हणाली, "भांडी. सकाळची घासली की दुपारची तयार." कुणीतरी म्हणालं, हे काय कामात धरायचं? सर म्हणाले, "सगळ्यात वर धरायचं. बोला ताई." पण आईनं पदर तोंडाला लावला होता.

अण्णा उभे राहिले. सभेत उभं राहून बोललेलं मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. "खवा," ते म्हणाले. "दूध ढवळायचं. थांबलं की लागतं. नाकाला खाज सुटली तरी हात थांबवायचा न्हाय. पुढं जाळ, वर धूर. आमच्यावाणी कंटाळा कुणाच्याच कामात न्हाय." लोकांनी माना हलवल्या. एकूण पहिला नंबर अण्णांचाच ठरतोय असं दिसायला लागलं.

काका मघापासून चुळबुळ करत होता. खाली बघत होता, बूट एकमेकांवर घासत होता. आता त्यानं गॉगल काढला.

"आरं दादा, बसून तरी ढवळतूस की!" तो ओरडला. "पोती उचलून बग पोती! एक गाडी रिकामी केली की दुसरी लागती. काल उचललेलं पोतं आन आज उचललेलं पोतं, सारखंच दिसतं. मानंची कातडी जाती. आन वर तो मुकादम सावलीत बसून बोट दाखवतो! हे हाय का तुझ्या खव्यात? सांग की, हाय का?"

चादर तेवढी फडफडत होती.

"पोती?" अण्णा म्हणाले. "तू उचलतूस?"

काकाच्या ध्यानात आलं. त्यानं गॉगल परत लावला, मग काढला, मग कुठं ठेवावा कळेना म्हणून माझ्याकडं दिला. "सुपरवायझरच हाय म्या," तो म्हणाला. "पोत्यांचा. डोक्यावर घिऊन लक्ष ठेवतो त्यांच्यावर."

जेवणावरून नाराज झालेले आजोबा आधी हसले. मग सगळं गाव हसलं, आणि शेवटी काकाही हसायला लागला. सरांनी दोन्ही हात वर केले. "ह्या सभेत पहिला नंबर कच्छच्या पाहुण्यांचा! वाजवा टाळ्या!" टाळ्या अशा पडल्या की काकाला हात जोडावे लागले. हरलेल्या माणसाला हात जोडताना मी बघितलंय. काका त्या दिवशी तसा दिसत नव्हता.

पण अण्णा हसले नाहीत. "मग ह्या लेकराला कशापायी न्यायला निघालास?"

काकाचा आवाज खाली आला. "बोलायला कुणी न्हाय रं दादा तिथं. खोलीवर गेलं की माझं मलाच ऐकू येतं. वाटलं, आपलं कुणीतरी असावं."

अण्णांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग सरांकडं वळून म्हणाले, "सर, पोरगं दहावीला बसंल. वय भरलं की मग जाईल. पण पोत्याखाली न्हाय."

"मग कशाखाली, ते बी आत्ताच विचारून घ्या," सर म्हणाले. "माहीतगार माणूस समोर हाय."

अण्णांनी काकाला विचारलं, "तिथं बसून काम कोण करतं रं?"

"मुकादम," काका म्हणाला. "आन फोर्कलिफ्टवाला. पुढं दोन लोखंडी दात असल्याली गाडी असती. आमी धा जणांनी उचलायचं ते त्यो बसल्या जागी उचलतो."

"मग ते," अण्णा म्हणाले. भाजी पसंत केल्यासारखं.

तसंच झालं. मी दहावी काठावर पास झालो. पुढचं शिक्षण काही जमलं नाही, अण्णांना धुरानं दम लागायला लागला होता. अठरा पुरी होईपर्यंत मी भट्टीवर त्यांच्या जागी ढवळत होतो, आणि नाकाच्या खाजेबद्दल ते खोटं बोलले नव्हते हे मला कळलं. तिकडं काका स्वतःची हमाली सांभाळून फोर्कलिफ्ट शिकवणाऱ्यांच्या मागं लागला, वर्षभर त्यांना चहा पाजून माझ्यासाठी जागा धरून बसला. सरांचे तास शाळेनं पुढं चालू ठेवले नाहीत. आता ते धाराशिवला एका खासगी क्लासात असतात. प्रोजेक्टर शाळेचा होता, तो शाळेत राहिला. गोधडी त्यांनी नेली.

गाडीचं लायसन हातात पडलं त्या दिवशी मी त्यांना फोन केला.

"सर, झालं. उद्यापासून गाडी माझ्या ताब्यात."

"वा, साहेब! कसं वाटतंय?"

"भ्या वाटतंय सर."

"अजून?"

"अजून."

सर म्हणाले, "बरंय की. न भिणारा माणूस गाडीवर बसला की खाली उभं राहणाऱ्यानं भ्यायचं. तुम्ही भीत राहा, म्हणजे काकाला भ्यायला नको."

आता काका त्याच गोदामात माल मोजून घ्यायच्या कामावर आहे, आणि संध्याकाळी आम्ही दोघं खोलीवर इतकं बोलतो की शेजारचे भिंत ठोकतात. गाडी मागं घेताना मी आधी डाव्या खांद्यावरून बघतो, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. बाकीचे चालक हसतात. "ये की रं, मोकळंच हाय!" काका मागून ओरडतो. मी तरी बघतो. तोवर तो गाडीकडं पाठ करून निवांत तंबाखू मळत उभा राहिलेला असतो.